तुटेपर्यंत ताणावे

'तुटेपर्यंत ताणू नये' हा उपदेश मराठी घरांत लहानपणापासून कानी पडतो. भावाभावांतील वाटणी असो, बांधावरून शेजाऱ्याशी झालेला तंटा असो, की कचेरीत वरिष्ठांशी पडलेला मतभेद असो, हा उपदेश सर्वत्र लागू पडतो. परंतु जगात एक विद्या अशी आहे की, तिचा सारा व्यवहार या उपदेशाच्या नेमका उलट चालतो. ती धातूचा एक तुकडा घेते, त्याची दोन्ही टोके घट्ट धरते आणि तो तुटेपर्यंत ताणते. तुकडा तुटला नाही, तर परीक्षा पुरी झाली असे ती मानीतच नाही. पूल, आगबोट, बाष्पपात्र, विमान, फार काय, उंच इमारतीतील पाळण्याचा दोर, या साऱ्यांवर माणूस निःशंकपणे आपला जीव सोपवितो, तेव्हा त्या विश्वासाच्या मुळाशी कोठल्या तरी प्रयोगशाळेत ताणून तोडलेला असा एक तुकडा असतो.

धातूची पारख करण्याची हौस माणसाला जुनीच आहे. सोनाराजवळ कसोटीचा दगड असतो. पण तो सोन्याची शुद्धता सांगतो, बळ सांगत नाही. लोहार लोखंडाची कांब ऐरणीवर आपटून तिचा नाद ऐकतो, ती वाकवून पाहतो, तोडून तिच्या तुटलेल्या तोंडाचा कण न्याहाळतो. ही पारख अगदीच टाकाऊ होती असे नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तिच्यामागे होता, आणि नांगराचा फाळ किंवा गाडीची धाव यांना तेवढा पुरतही असे. मात्र लोहाराची नजर मुलाला वारशाने मिळत नाही. ती कागदावर लिहून शेकडो कोस दूरच्या कारखानदाराकडे पाठविता येत नाही. आणि दोन लोहारांचे मत पडले निराळे, तर कोणाचे खरे मानावे हे ठरविण्यास तिसऱ्या लोहाराखेरीज दुसरे साधन नसते.

मोजण्याचा पहिला ज्ञात विचार लिओनार्दो दा विंची याच्या टिपणांत आढळतो. त्याची युक्ती मोठी सुटसुटीत आहे. लोखंडाची तार वरून टांगावयाची, तिच्या खालच्या टोकाला टोपली बांधावयाची, आणि शेजारच्या एका भांड्याच्या बारीक छिद्रातून त्या टोपलीत वाळू पडू द्यावयाची. तार तुटताच एक कमान झटकन छिद्र बंद करील अशी योजना करावयाची. टोपली फार उंचावरून पडून वाळू सांडू नये म्हणून तिच्याखाली थोडेच अंतर ठेवावयाचे. मग वाळूचे वजन आणि तार कोठे तुटली ती जागा, अशा दोन्ही गोष्टी लिहून ठेवावयाच्या आणि तार निम्मी करून पुन्हा तोच प्रयोग करावयाचा. आजच्या प्रचंड यंत्रांत जे चालते त्याचे बीज या टोपलीत आहे. भार हळूहळू वाढविला पाहिजे, तुटण्याच्या क्षणी तो थांबला पाहिजे, आणि तुटल्याची जागाही नोंदली पाहिजे, ही तिन्ही पथ्ये त्यात आली आहेत.

गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या मोठ्या ग्रंथात हा विषय पुन्हा हाती घेतला. त्या वेळी तो धर्मपीठाच्या हुकमाने स्वतःच्या घरात स्थानबद्ध होता. आकाशाविषयी लिहिण्यास बंदी होती, तेव्हा त्याने तुळया, दोर आणि तारा यांच्याविषयी लिहिले! तांब्याची तार किती लांब केली असता स्वतःच्याच वजनाने तुटेल, असा प्रश्न घालून त्याने उत्तर काढले, ४८०१ हात. आजच्या आकड्यांनी हिशेब केला, तर साधी तांब्याची तार सुमारे अडीच किलोमीटर लांबीला स्वतःच्या भाराने तुटावी. गॅलिलिओचे हात किलोमीटरांत मांडले तर उत्तर त्याच्या आसपासच येते. पुढे इंग्लंडात रॉबर्ट हुक याने ताण आणि लांबीतील वाढ ही एकमेकांच्या प्रमाणात असतात हा नियम प्रथम १६७६ मध्ये अक्षरांचे कोडे करून आणि दोन वर्षांनी उघड शब्दांत मांडला. शास्त्रज्ञांना हे सारे ठाऊक होते. पण गिरणीत, गोदीत आणि पूल बांधणाऱ्या कंत्राटदाराच्या अंगणात लोहाराच्या नजरेचेच राज्य आणखी पावणेदोनशे वर्षे चालू राहिले.

ते राज्य खालसा केले डेव्हिड कर्कॉल्डी या स्कॉटिश माणसाने. त्याचा जन्म १८२० साली डंडी या बंदराजवळ झाला. ग्लासगो येथील रॉबर्ट नेपिअरच्या कारखान्यात तो उमेदवार म्हणून शिरला आणि पुढे तेथेच नकाशे काढणारा म्हणून नावारूपास आला. आगबोटींच्या यंत्रांची त्याने काढलेली चित्रे इतकी सुबक असत की, ती प्रदर्शनांत मांडली गेली. रेघ रेघेला बरोबर मिळाली पाहिजे, ही त्याची सवय पुढच्या साऱ्या आयुष्यात दिसते.

१८५८ च्या सुमारास नेपिअरच्या कारखान्यापुढे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. हलक्या वजनाची आणि अधिक दाब सोसणारी बाष्पपात्रे व जहाजे हवी होती. घडीव लोखंडाऐवजी नव्या जातीचे पोलाद वापरावे की काय, असा प्रश्न होता. विकणारे सारेच आपला माल उत्तम म्हणत होते. तेव्हा कर्कॉल्डीने तरफ आणि वजने यांच्या साध्या यंत्रावर, निरनिराळ्या कारखान्यांतून आलेल्या लोखंडाचे आणि पोलादाचे तुकडे एकामागून एक तोडण्यास सुरुवात केली. हे काम १८६१ पर्यंत चालले आणि १८६२ मध्ये त्याचे निष्कर्ष पुस्तकरूपाने बाहेर पडले. त्यातील कोष्टके आजही वाचण्यासारखी आहेत. लाटून केलेल्या घडीव लोखंडी कांबींचे सरासरी सामर्थ्य दर चौरस इंचाला सुमारे ५७ हजार पौंड, म्हणजे आजच्या मापाने दर चौरस मिलीमीटरला सुमारे ४० किलोग्रॅम भरले. पत्रे लाटल्याच्या दिशेने ताणले तर ५० हजारांच्या वर आणि आडव्या दिशेने ताणले तर जेमतेम ४६ हजार. लोखंडालाही लाकडाप्रमाणे उभा-आडवा धागा असतो, हे सुताराला सांगितले तर त्याला नवल वाटणार नाही. पण बाष्पपात्र बांधणाऱ्यांना हा आकड्यांतील पुरावा फार मोलाचा ठरला.

तथापि या पुस्तकाचे खरे महत्त्व आकड्यांत नाही. आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे त्याने ओळखले. ते समजण्यासाठी परीक्षा कशी चालते हे एकदा पाहणे इष्ट आहे.

आजच्या पद्धतीचेच उदाहरण घेऊ. पुलासाठी वापरावयाच्या साध्या पोलादाचा एक तुकडा लेथवर कातून मधल्या भागात बरोबर १० मिलीमीटर व्यासाचा गोल केला जातो. दोन्ही टोके जाड ठेवतात, कारण यंत्राचे जबडे तेथे धरावयाचे असतात. जाड भागाकडून बारीक भागाकडे येणारा उतार गोलसर आणि गुळगुळीत ठेवावा लागतो. तेथे ओरखडा राहिला तर तुकडा भलत्याच जागी तुटतो आणि सारी मेहनत वाया जाते. मधल्या भागावर ५० मिलीमीटर अंतराने दोन बारीक खुणा करतात. या दोन खुणांमधील पोलाद म्हणजे परीक्षेला बसलेला विद्यार्थी. बाकीचा भाग केवळ त्याला धरून ठेवणारा.

यंत्र सुरू झाले, की आरंभी डोळ्यांना काहीच दिसत नाही. भार हजार किलो होतो, दीड हजार होतो, तुकडा जसाच्या तसा. वस्तुतः तो लांबत असतो; पण दोन हजार किलो भाराला या दोन खुणांतील अंतर सुमारे सहा शतांश मिलीमीटर, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीइतके वाढलेले असते. ते पाहण्यास नाजूक उपकरण लागते. येथवर हुकचा नियम तंतोतंत चालतो: भार दुप्पट तर वाढ दुप्पट, आणि भार काढला तर तुकडा पुन्हा मूळच्या लांबीवर. वापरात असलेल्या कोठल्याही पुलातील पोलादाने आपले सारे आयुष्य या प्रदेशातच काढावे, अशी त्याच्या रचनाकाराची इच्छा असते.

त्यानंतर एक चमत्कारिक क्षण येतो. काटा चढता चढता अडखळतो, कधी किंचित मागे येतो, आणि भार न वाढताही तुकडा लांबू लागतो. पोलादाने हार खाल्ली. शास्त्रीय मराठीत या क्षणाला 'पराभव बिंदू' असे नाव आहे, आणि ते मोठे अन्वर्थक आहे. कारखान्यात मात्र सर्वांच्या तोंडी 'ईल्ड' हाच शब्द असतो. आता भार काढला तरी पोलाद पूर्वस्थितीवर येत नाही. ॲल्युमिनियमसारख्या धातूंत हा क्षण इतका ठळक नसतो, म्हणून तेथे दर हजारी दोन इतकी कायमची वाढ ज्या भाराला होते तो भार पराभवाचा म्हणून धरतात.

परंतु हरलेले पोलाद मेलेले नसते. सोनार जंतरीतून तार ओढतो तेव्हा प्रत्येक ओढीबरोबर ती ताठर होत जाते आणि शेवटी तिला पुन्हा ताव द्यावा लागतो, हे ज्याने पाहिले असेल त्याला पुढचा भाग सहज कळेल. ताणामुळे पोलादाच्या अंतर्रचनेत बदल होऊन त्याचे बळ वाढते, आणि काटा पुन्हा चढू लागतो. साध्या पोलादाच्या या तुकड्यात तो दोन हजारांवरून सव्वातीन हजार किलोच्याही पुढे जातो. तेथे कळस होतो. त्यानंतर तुकड्याच्या एकाच जागी बारीक मान पडते, सारी ओढ त्या मानेत एकवटते, काटा उतरू लागतो आणि एक मोठा आवाज होऊन तुकडा दुभंगतो. तुटलेली टोके पाहिली, तर एका तुकड्यावर वाटीसारखी खोलगट कड आणि दुसऱ्यावर तिच्यात बसणारा शंकू दिसतो. हात लावला तर ती जागा चांगलीच ऊन लागते.

मग परीक्षक दोन्ही तुकडे मोडल्या जागी एकमेकांना जुळवून ठेवतो आणि खुणांतील अंतर मोजतो. ५० मिलीमीटरचे ६२ झाले असेल, तर पोलाद शेकडा २४ लांबले. मानेचा व्यासही मोजतो आणि मूळच्या मानाने तेथील छेद किती आक्रसला तेही काढतो. म्हणजे एका तुकड्यापासून चार उत्तरे मिळतात: कोठे हरले, कोठवर टिकले, किती लांबले आणि किती आक्रसले.

कर्कॉल्डीच्या काळापर्यंत लोकांचे लक्ष यांतील एकाच उत्तरावर, म्हणजे तुटण्याच्या भारावर खिळलेले होते. ज्याचा आकडा मोठा तो माल चांगला! त्याने दाखविले की, हा आकडा एकटा घेतला तर तो फसवितो. मोठ्या भाराला तुटणारे लोखंड उत्तम जातीचे, चिवट असू शकते, तसेच ते कडक आणि ठिसूळही असू शकते. भार आणि मानेतील आक्रस ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, तरच गुण कळतो. ठिसूळ धातू कळसाला पोचतो आणि पूर्वसूचना न देता काचेसारखा मोडतो. चिवट धातू आधी वाकतो, लांबतो, भेगा दाखवितो. माणसांना बाजूला होण्यास वेळ देतो. बळापेक्षा ही सवड अनेकदा अधिक मोलाची असते.

दुसरी गोष्ट त्याहूनही धक्का देणारी होती. तुटलेल्या तोंडावर तंतू दिसले तर लोखंड चांगले, चमकणारे स्फटिक दिसले तर वाईट, असा त्या काळच्या साऱ्या जाणत्यांचा दृढ समज होता. कर्कॉल्डीने एकाच कांबीचे तुकडे घेतले. सावकाश ताणले तेव्हा त्यांच्या तोंडावर तंतू दिसले. एका झटक्यात तोडले तेव्हा स्फटिक दिसले. माल तोच, फरक फक्त तोडण्याच्या रीतीचा. नमुन्याचा आकार बदलला तरी उत्तर बदलते, हेही त्याने सिद्ध केले: लांब सरळ तुकड्याऐवजी मध्ये खाच पाडलेला तुकडा तोडला, तर आकडा फुगतो. म्हणूनच आज नमुना किती लांब, किती जाड, उतार किती गोल, भार कोणत्या वेगाने वाढवावयाचा, हे सारे मानकांत लिहून ठेवलेले असते. आपल्याकडे भारतीय मानक १६०८ हे याच कामासाठी आहे. या नियमांचा मजकूर अत्यंत रूक्ष आहे यात वाद नाही. पण त्यातील प्रत्येक कलमाखाली पूर्वी कोणी तरी खाल्लेली एक फसगत पुरलेली आहे.

नेपिअरची नोकरी सोडून कर्कॉल्डीने स्वतःचे यंत्र आखले. ते लीड्स येथील एका कारखान्याने घडविले. लांबी सुमारे ४७ फूट, वजन सुमारे ११६ टन, ताकद दहा लक्ष पौंड. यंत्र आडवे आहे. एका टोकाला पाण्याच्या दाबाने सरकणारा दट्ट्या ओढ देतो आणि दुसऱ्या टोकाला तरफांची एक मालिका ती ओढ मोजते. वखारीतील काट्यावर सरकते वजन असते, तसेच येथेही. ओढणारा निराळा आणि मोजणारा निराळा, ही या यंत्राची खुबी होय. दट्ट्याच्या घर्षणाने हिशेबात होणारी लबाडी त्यामुळे टळते. एवढे मोठे यंत्र का, असा प्रश्न साहजिकच येतो. त्याचे उत्तर असे की, त्याला नखाएवढे नमुने तोडून समाधान नव्हते. पुलाचा आख्खा दुवा, साखळीची आख्खी कडी, जशी वापरावयाची तशीच ती ताणून पाहावयाची होती. १ जानेवारी १८६६ रोजी लंडनच्या सदर्क भागात त्याची परीक्षणशाळा उघडली आणि १८७४ मध्ये ती जवळच, ९९ सदर्क स्ट्रीट येथील स्वतःच्या इमारतीत गेली. दारावर त्याने दगडात कोरून घेतले: वस्तुस्थिती, मते नव्हेत.

हे वाक्य ज्यांच्या मतांवर उपजीविका चालत होती त्यांना किती झोंबले असेल याची कल्पना करता येते. माणूस फटकळ होता. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकालाही तो आकडा गोड करून सांगत नसे. पण ब्लॅकफ्रायर्सच्या पुलाचे काम असो की परदेशी पोलाद असो, माल त्याच्या दारी येऊ लागला. वरच्या मजल्यावर त्याने तुटलेल्या तुकड्यांचे एक संग्रहालयच मांडले.

यानंतरची हकीकत त्याच्या जन्मगावची आहे. डंडीच्या दक्षिणेला टे नदीची रुंद खाडी आहे. तिच्यावर टॉमस बाउच याने बांधलेला, जवळजवळ दोन मैल लांबीचा आगगाडीचा पूल १८७८ साली सुरू झाला. त्या काळी एवढा लांब पूल जगात दुसरा नव्हता. पुढच्या वर्षी खुद्द व्हिक्टोरिया राणी त्यावरून गेली आणि बाउचला 'सर' ही पदवी मिळाली. त्याच वर्षी, २८ डिसेंबर १८७९ रोजी, रविवारी रात्री सोसाट्याचे वादळ सुटले असता पुलाच्या मधल्या उंच भागाच्या तेराही कमानी, त्यांवरून चाललेल्या गाडीसह, खाडीत कोसळल्या. गाडीतील एकही माणूस वाचला नाही. त्या वेळी मृतांचा आकडा ७५ धरला गेला.

चौकशी नेमली गेली. पुलाचे उंच खांब ओतीव लोखंडाच्या नळ्यांचे होते आणि त्या एकमेकींना घडीव लोखंडाच्या तिरप्या पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या. पट्ट्या ज्यांना बोल्टांनी अडकविल्या होत्या ते कान नळीबरोबरच ओतलेले होते. ओतीव लोखंड दाबाला दणकट, पण ओढीला दुबळे असते. ते लांबत नाही, मान पडू देत नाही, एकदम मोडते. वाऱ्याचा रेटा आला की, पट्ट्यांतून सारी ओढ नेमकी या कानांवर पडणार होती. कोसळलेल्या खांबांचे कान, पट्ट्या आणि बोल्ट सदर्कला कर्कॉल्डीच्या यंत्रावर आले. ते जसे होते तसेच ताणण्यात आले, आणि कान अपेक्षेपेक्षा फारच थोड्या भाराला तुटले. कारणही दिसले. बोल्टांची छिद्रे यंत्राने पाडलेली नव्हती. ती ओततानाच ठेवलेली असल्यामुळे निमुळती झाली होती. बोल्ट छिद्रात सर्वांगाने न टेकता फक्त कडेवर टेकत होता आणि सारा भार त्या एका कडेवर येत होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच ओतीव लोखंडाचा नीट कातलेला छोटा तुकडा परीक्षेला लावला असता, तर त्याचा आकडा इतका वाईट आला नसता. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे. पण शित निराळे शिजविलेले असेल तर ती परीक्षा व्यर्थ होय. आख्खा कान, आपल्या निमुळत्या छिद्रासह ताणला, तेव्हाच दोष बोलू लागला. चौकशीत आणखीही बाहेर आले. ओतकामात राहिलेली भोके मेण, काजळी आणि लोखंडाचा कीस यांच्या लुकणाने बुजवून वरून साफ केली जात. कारागिरांत त्या लुकणाला नावही होते. नजरेला ते फसवी. ओढीपुढे त्याचा टिकाव लागणे शक्य नव्हते.

वाऱ्याच्या दाबासाठी बाउचने हिशेबात वेगळी तरतूद केलीच नव्हती, असेही निष्पन्न झाले. आराखडा, बांधणी आणि देखभाल या तिन्हींत पूल सदोष होता असा निर्णय झाला आणि मुख्य ठपका त्याच्यावर आला. १८८० च्या ऑक्टोबरात बाउच मरण पावला. नुसते लोखंडच वाईट म्हणून पूल पडला, असे म्हणणे त्याच्यावरही अन्यायाचे होईल आणि लोखंडावरही. वारा, वजन, कान, कंत्राटदाराची घाई आणि ढिल्या पट्ट्यांत ठोकलेल्या पाचरा, अशी ती साखळी होती. कर्कॉल्डीने तिची एक कडी ताणून दाखविली, एवढेच.

हिंदुस्थानात ही विद्या सरकारी गरजेतून आली. रेल्वे आणि सरकारी बांधकामे यांना लागणारा माल येथेच तपासता यावा म्हणून कलकत्त्यास अलिपूर येथे १९१२ साली परीक्षणशाळा निघाली. तीच आजची नॅशनल टेस्ट हाउस. त्याच वर्षी टाटांच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडू लागले. १९४३ मध्ये खुल्या झालेल्या हावड्याच्या पुलाला सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद लागले आणि त्यांतील सुमारे तेवीस हजार टन टाटांचे होते. जमशेदपूरची राष्ट्रीय धातुशास्त्र प्रयोगशाळा नोव्हेंबर १९५० मध्ये सुरू झाली. परदेशी दाखल्यावाचून आपल्या पोलादावर भरवसा ठेवता येणे, याला त्या काळी केवढी किंमत होती हे आज चटकन ध्यानात येणार नाही.

सामान्य गृहस्थाचा या परीक्षेशी संबंध येतो तो घर बांधताना. स्लॅबसाठी आणलेल्या सळईवर 'एफई ५००' असे उठविलेले असते. तो ५०० म्हणजे दर चौरस मिलीमीटरला पाचशे न्यूटन, पराभवाचा आकडा. सोळा मिलीमीटरची एक सळई या हिशेबाने दहा टनांहून थोडा अधिक भार घेईपर्यंत हार खात नाही. पण त्याच सळईने तुटण्यापूर्वी किमान शेकडा १२ लांबले पाहिजे, असेही मानक सांगते. आणि ५०० पुढे 'डी' हे अक्षर असेल, तर शेकडा १६. आकडा दोहोंचा एकच, पण धरणीकंपात इमारत हेलकावे खाऊ लागली म्हणजे या चार टक्क्यांचे मोल कळते. दुकानात मात्र गिऱ्हाईक पाचशे की साडेपाचशे एवढेच विचारते आणि मोठा आकडा घेऊन समाधानाने घरी जाते. कर्कॉल्डीने १८६२ मध्ये जो भ्रम मोडला, तो बाजारात अजून चांगल्यापैकी जिवंत आहे. दुकानदाराकडे त्या मालाचा परीक्षेचा दाखला मागता येतो, आणि त्यावर लांबण्याचा आकडा स्वतंत्र रकान्यात असतो, हे श्रोत्यांपैकी घर बांधणाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

कर्कॉल्डी १८९७ मध्ये वारला. त्याच्यामागे मुलाने आणि मग नातवाने ती परीक्षणशाळा चालविली. १९६० नंतर ती दुसऱ्यांच्या हाती गेली आणि १९८३ मध्ये तेथे संग्रहालय झाले. यंत्र जागचे हलविलेले नाही.

टेच्या खाडीवर नवा पूल १८८७ मध्ये पुरा झाला. तो जुन्याच्या शेजारून जातो, आणि जुन्या पुलाच्या न पडलेल्या भागातील कित्येक तुळया त्यात पुन्हा वापरल्या आहेत. पाण्यात बुडालेले इंजिन वर काढून दुरुस्त करण्यात आले. रेल्वेच्या नोकरांनी त्याचे नाव 'पाणबुड्या' असे ठेवले, आणि ते पुढे कित्येक वर्षे गाड्या ओढीत राहिले. जुन्या खांबांचे बुंधे नव्या पुलाच्या बाजूला ओळीने उभे आहेत. डंडीला जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून ते आजही दिसतात.